खाशाबांच्या वाटखर्चाची गोष्ट

जून महिना उजाडला, वह्यापुस्तकांची खरेदी आटोपली, की आपल्या शाळेत क्रीडानिधीचा विषय निघतो. देणगीदारांनी प्रेमाने दिलेली रक्कम असते थोडी आणि मागणारे हात असतात पुष्कळ. कबड्डीचा संघ, धावपटू, मल्लखांबाची मुले आणि अलीकडे पुन्हा वाढू लागलेले आपले छोटे कुस्तीगीर, सगळ्यांनाच काही ना काही हवे असते. मागच्या पालकसभेत एका पालकांनी सरळ विचारले, की ही रक्कम सर्वांत सारखी वाटून प्रत्येकाच्या हातावर प्रसादासारखी का ठेवता? ज्याच्यात खरोखर दम आहे अशा एखाद्याच्याच पाठीशी ती पूर्ण उभी का करत नाही? दुसऱ्या पालकांनी तेवढ्याच तळमळीने उलट बाजू मांडली. आठवीतल्या मुलात दम आहे की नाही हे आजच कोण सांगू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. विश्वस्तांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि निर्णय पुढच्या सभेवर ठेवला.

त्या सभेपूर्वी आमच्या विद्यार्थी मित्रांनी, पालकांनी आणि विश्वस्तांनीही एका कॉलेजकुमार मल्लाची हकिकत वाचावी असे आम्हांला वाटले. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांच्या डावपेचांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही इथे मुख्यतः त्यांच्या वाटखर्चाविषयी लिहिणार आहोत.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे घरात शेतीच्या कामाबरोबर जोर-बैठका आणि लाल माती आलीच. आठव्या वर्षीच खाशाबांनी आसपासच्या गावांतल्या कुस्त्या मारायला सुरुवात केली. १९४० ते १९४७ या काळात ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामातही हा शाळकरी मुलगा होता. शाळा, चळवळ आणि तालीम या तिन्ही गोष्टी एकाच वयात त्यांनी कशा सांभाळल्या, याचे आजच्या मुलांना नवल वाटेल. क्लासेसच्या वेळापत्रकात बसवलेल्या आजच्या पालकांना ते अधिकच वाटेल!

पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात दाखल झाले. आपल्या बेळगावपासून कोल्हापूर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. आपल्याकडच्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांपैकी कोणी ना कोणी राजाराम कॉलेजात शिकलेले असायचे किंवा खासबागेत कुस्ती पाहून आलेले असायचे. त्यामुळे कोल्हापूरचा उल्लेख आला की आपल्याला ते परगाव वाटत नाही.

कोल्हापूरला त्या काळी कुस्तीची पंढरी म्हणत, ते उगाच नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना जो आश्रय दिला त्याला देशात तोड नव्हती. १९१२ साली त्यांनी बांधलेले खासबाग मैदान आजही उभे आहे. वाडग्यासारखी त्याची बांधणी आहे. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती स्वच्छ दिसते. मोतीबाग, गंगावेश अशा तालमींत गावोगावची पोरे राहत. पैलवानकी ही खर्चिक गोष्ट आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खुराक रोजच्या रोज लागतो आणि शेतकऱ्याच्या घराला तो पेलत नाही. दरबाराने ज्या मल्लाला आश्रय दिला त्याच्या खुराकाची काळजी मिटायची. त्या व्यवस्थेत अर्ज, गुणपत्रक किंवा समिती नव्हती. राजाची पारख आणि राजाची मर्जी एवढाच नियम होता. शाहू महाराजांसारखा पारखी असला तर तो नियम उत्तम चाले. राजा तसा नसला किंवा राज्यच राहिले नाही, तर मात्र मल्लाने कोणाच्या दारात जायचे, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. खाशाबांच्या आयुष्यात नेमका हाच प्रश्न पुढे उभा राहिला.

खाशाबा अंगाने आडदांड नव्हते. उंचीला बेताचे, शरीराने सडपातळ. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहून नाव घ्यायचेच नाकारले, अशी हकिकत सांगतात. खाशाबा तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या किरकोळ दिसणाऱ्या मुलाने आपल्याहून धिप्पाड मुलांना चीत केले. ते प्राचार्य म्हणजे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी या वस्तादांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून त्याला असा फिरवून आपटायचे, की बघणाऱ्याला हात केव्हा गेला तेही कळू नये. कॉलेजच्या, मग विद्यापीठाच्या आणि मग राष्ट्रीय स्पर्धा जिंकत १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकच्या दारात येऊन पोहोचले.

त्या वेळी कोल्हापूर संस्थान अजून होते. लंडनच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत वाढलेल्या खाशाबांनी गादीवरची कुस्ती जवळजवळ पहिल्यांदाच पाहिली ती तिथे. मातीत पाय रुततो, गादीवर घसरतो. मातीत कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते, तर गादीवर घड्याळ आणि गुणांचा हिशेब असतो. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना तिथे मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते पराभूत झाले आणि ५२ किलो गटात सहावे आले. नियम नवे, पृष्ठभाग नवा, हवा नवी. त्या मानाने सहावा क्रमांक ही मोठीच कामगिरी होती. खाशाबा मात्र पुढच्या चार वर्षांचा हिशेब मनात घेऊन परतले.

त्या चार वर्षांत दोन बदल झाले. पहिला खाशाबांनी स्वतः केला. ते ५२ किलोवरून ५७ किलोच्या गटात गेले आणि गादीच्या कुस्तीचा कसून सराव करू लागले. दुसरा बदल इतिहासाने केला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट. पण ज्या दरबाराने लंडनचे तिकीट काढले होते तो दरबार आता राहिला नव्हता, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या सरकारकडे खेळाडूला परदेशी पाठवण्याची काही घडी अजून बसलेली नव्हती. जुना आश्रय संपला होता आणि नवी शिष्यवृत्ती सुरू झाली नव्हती. बरोबर या दोहोंच्या मधल्या फटीत १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक आले.

आधी निवडीचाच घोळ झाला. निवड चाचणीत निरंजन दास या मल्लाकडून एका गुणाने हार झाल्याचे सांगण्यात आले. खाशाबांना तो निर्णय मान्य नव्हता. त्यांनी ऑलिंपिक संघटनेची धुरा वाहणाऱ्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी निरंजन दासला थोड्याच वेळात चीत केले. इथे गुणांचा प्रश्नच उरला नाही.

निवड झाली, पण खर्चाचे काय? हा खर्च खेळाडूनेच उभा करायचा होता. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली. जाधव कुटुंबीयांनी दारोदार जाऊन पैसे गोळा केले. कराड-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनी हातभार लावला. मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे, म्हणजे मोरारजी देसाई यांच्याकडे, चार हजार रुपयांची मागणी केली तेव्हा स्पर्धा आटोपल्यावर भेटा असे उत्तर मिळाल्याची हकिकत नेहमी सांगितली जाते. (तेव्हा आपला बेळगाव जिल्हाही त्याच मुंबई राज्यात होता, हे जाता जाता सांगायला हवे.) स्पर्धा आटोपल्यावर भाड्याचे पैसे घेऊन करायचे काय, हे कोणीही विचारील. पण आम्हांला त्यात एकट्या माणसाचा दोष दिसत नाही. आधी यश दाखवा, मग पैसे मागा, हा सरकारी तिजोरीचा स्वभावच असतो. क्वचित शाळांच्या तिजोरीचाही असतो. आपण ढाली, करंडक आणि सत्कार यांवर जे खर्च करतो ते सगळे स्पर्धा झाल्यानंतरचे पैसे असतात.

एवढे सगळे करूनही रक्कम पुरी होईना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि ते या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. सात हजार म्हणजे किती, हे आजच्या मुलांना नीट कळावे म्हणून सांगतो. त्या वर्षी सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होता. म्हणजे ही रक्कम सत्तर तोळ्यांहून अधिक सोन्याची झाली. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्यासाठी ती कर्जाऊ काढली. पदक मिळेल याची हमी कोणी दिली होती? खुद्द खाशाबाही देऊ शकत नव्हते. खर्डेकर हे भावनेच्या भरात वाहून जाणारे गृहस्थ असतील असेही म्हणता येत नाही. कायदा शिकलेले, सार्वजनिक जीवनात मुरलेले, त्याच १९५२ साली कोल्हापूर-सातारा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेलेले ते गृहस्थ. गहाणखताचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण वार्षिक स्पर्धेत त्यांनी या मुलाला एकदा जवळून पाहिले होते. लंडनचा सहावा क्रमांकही त्यांच्यासमोर होता. त्यांची पारख आंधळी नव्हती.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकँला, मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्झला हरवले. शेवटी पदकासाठी तिघे मल्ल उरले: खाशाबा, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव. या दोघांशी खाशाबांच्या कुस्त्या लागोपाठ लावण्यात आल्या. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम पंचांच्या नजरेस आणून देणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता आणि खाशाबांना परकी भाषा बोलून वाद घालणे जमण्यासारखे नव्हते. दमलेल्या अंगाने ते पुन्हा गादीवर उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य पदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ चा.

घर गहाण टाकून विमानाचे तिकीट काढता आले, पण खेळाडूची बाजू मांडायला एक माणूस सोबत देता आला नाही, ही गोष्ट आम्हांला त्या पराभवापेक्षाही जास्त लागते. क्रीडानिधीत आपण खुराक धरतो, पोशाख धरतो, प्रवेश शुल्क धरतो. मुलांबरोबर परगावी जाणाऱ्या शिक्षकाचे भाडे मात्र बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जाते. विश्वस्तांनी याचाही विचार करावा अशी आमची नम्र विनंती आहे.

दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशभर त्याचाच गजर झाला. कराडला मात्र कोणी खाशाबांना विसरले नव्हते. स्टेशनवर उतरताच शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे, हलगी, फटाके या सगळ्यांसह कराडहून गोळेश्वरपर्यंतचे थोडेसे अंतर कापायला कित्येक तास लागले. ज्यांनी रुपया-दोन रुपये वर्गणी दिली होती, त्या प्रत्येकाला ते पदक आपलेच वाटत होते, आणि ते वाटणे खोटे नव्हते.

सत्कार आटोपले आणि खाशाबा पुन्हा लंगोट कसून मैदानात उतरले. या वेळी कारण वेगळे होते. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्या लावल्या, त्या जिंकल्या आणि त्यांतून आलेले पैसे प्राचार्यांच्या हाती देऊन त्यांचे घर सोडवले. परत येऊन त्यांनी आधी केले ते हे काम. हे पैसे परत करा असे खर्डेकरांनी म्हटल्याचे कुठे वाचनात नाही. पण खाशाबांनी ती मदत उसनी म्हणूनच घेतली होती.

आपल्या शाळेतला तो प्रश्न, एकाला सगळे की सगळ्यांना थोडे, जगात इतरत्रही विचारला जातो. अमेरिकेत कॉलेजच्या कुस्तीला मोठा मान आहे. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांना अनेक वर्षे कुस्तीसाठी जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती. वजनी गट १० आणि संघात मल्ल तिसाच्या आसपास. म्हणजे दर गटामागे पुरती एकही नाही! मग प्रशिक्षक त्यांचे तुकडे करत. नावाजलेल्या मल्लाला जवळजवळ पूर्ण खर्च, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला केवळ पुस्तकांपुरते पैसे. कित्येक जण एक डॉलरही न घेता संघात घाम गाळत. न्यायालयातल्या एका मोठ्या तडजोडीनंतर २०२५ पासून ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांपुरती ९.९ ची अट गेली. त्याऐवजी संघात ३० हून अधिक मल्ल घेता येणार नाहीत अशी मर्यादा आली. आता कॉलेजने ठरवले तर तिसांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. पण पैसे कॉलेजनेच उभे करायचे, आणि एकतिसाव्याला संघात जागाच नाही. तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांत तर खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देतच नाहीत. इतक्या श्रीमंत देशालाही या वाटणीचे निर्विवाद उत्तर सापडलेले नाही, तेव्हा आपल्या पालकसभेत दोन मते पडली यात वावगे काहीच नाही.

आमचे मत विचाराल तर, सारख्या वाटणीचा आग्रह खुराकापुरता आणि सरावापुरता असावा. राजाराम कॉलेजच्या स्पर्धेत सडपातळ खाशाबांचे नाव सुरुवातीलाच कटले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. कोवळ्या वयात दार सर्वांना उघडे हवे. पण एखादा मुलगा दाराबाहेर पाऊल टाकायला तयार झाला, की त्याच्या हातावर प्रसाद ठेवून भागत नाही. तेव्हा त्याला पुरते भाडे द्यावे लागते, आणि तेही स्पर्धेच्या आधी.

खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्याच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, नव्या मल्लांना शिकवले. बढती मात्र फार उशिरा मिळाली. २७ वर्षांच्या सेवेनंतर सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतीच्या दौडीत त्यांना सामील करून घेतले गेले, तेवढाच काय तो मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी १९९६ पर्यंत, म्हणजे लिअँडर पेसच्या कांस्यपदकापर्यंत वाट पाहावी लागली. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली बीजिंगला सुशीलकुमारने मिळवले. मधल्या काळात सरकारला खाशाबांची आठवण हळूहळू होऊ लागली. १९९३ साली शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला, २००१ साली अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.

गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती अकादमी उभारण्याची घोषणा झाली होती. वर्षे गेली तरी ती उभी राहिली नाही. २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर केले, की अकादमीला पैसे मिळणार नसतील तर हेलसिंकीचे ते कांस्यपदक लिलावात काढून त्यातून पैसे उभे करू.